सणावाराची सरोजमामी

कुठेही पूजा ठरली की सरोजमामी आधी कॅलेंडर बघायची आणि मग शनवारा चौकातल्या मेडिकलमध्ये जायची. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या ती जिरं-मोहरीइतक्या सहज आणायची. आमच्या लोधीपुरा मोहल्ल्यात महालक्ष्म्यांचा स्वयंपाक तिच्याशिवाय होत नसे. "माझी कधी अडचण नसते," हे ती अभिमानाने सांगायची.

कॉलेजसाठी मी मामांकडे राहत होते; आजीही तिथेच असायची. पाहुण्यांना मामी सांगायची, "आमची इंग्लिश मॅडम बोलत नाही, बस बघते." एकदा तिने माझ्याही हातावर गोळी ठेवली. "घे बेटा, देव काय रोज येतो घरी?" मी नको म्हटलं. ती हसली. "मग बस बाहेर. पुरणपोळी खिडकीतून देईन."

त्या वर्षी महालक्ष्म्यांपासून नवरात्रापर्यंत तिने गोळ्या सोडल्याच नाहीत. वर उपवास, पाणीसुद्धा संध्याकाळीच. डोकं दुखायला लागलं, तर रुमाल घट्ट बांधून ती गॅसपुढे उभी. "पित्त आहे गं, टेन्शन नको घेऊ." मग उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी तिने तेल समईच्या बाहेर ओतलं. मी हात धरला, तर म्हणाली, "दोन-दोन दिवे दिसतात मला. अच्छाच आहे ना, देवीला डबल उजेड!" बाकीच्या बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

अष्टमीला तिला आकडीचा झटका आला. गावातला साधा स्कॅन चांगला निघाला, तरी डॉक्टरांचं समाधान होईना. डोक्यातल्या शिरांचा एमआरआय करायला त्यांनी आम्हाला इंदूरला पाठवलं.

तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी आहे. आतला दाब वाढून डोळ्यांच्या नसा सुजल्यात. कुठल्या गोळ्या चालू होत्या?"

"काहीच नाही मॅडम, एकदम फिट होती," मामा म्हणाले.

आजीने माझ्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं.

"पाळी लांबवायच्या," मी म्हणाले. "महालक्ष्म्यांपासून, रोज."

"चूप गं! माणसांसमोर?" आजी पुटपुटली.

"त्या आता कायमच्या बंद," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मेंदूत थोडा रक्तस्रावही आहे. रक्त पातळ करायची इंजेक्शनं लगेच सुरू करू."

मामा उठून उभे राहिले. "रक्त सांडलंय म्हणता, अन् वर पातळ करता?"

"गुठळीमुळेच सांडलंय. ती वाढली तर ह्या वाचणार नाहीत."

मामांनी सही केली.

मामी वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने हातपाय हलवले, स्वतःचं नाव सांगितलं. मामांना हळूच विचारलं, "जेवलात का?" आजीने पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरबाई मात्र तिच्या डोळ्यांवर पुन्हा पुन्हा बॅटरी धरत होत्या.

दुपारी तिच्याजवळ मी एकटीच होते. खिडकीतलं ऊन तिच्या चादरीवर पसरलं होतं.

"बेटा, तू आहे का? लाईट लाव ना."

मी उठले, बटण दाबलं.

"लागली?" तिने विचारलं.