एकावन्नावं जोडपं

मनसाराम सकाळी वैनगंगेत जाळं टाकायचा आणि दुपारी कुठल्यातरी आठवडी बाजारात लग्न करायचा. लग्न अर्थात नाटकातलं. ‘साहेबांचा मांडव’ हे नाटक तालुक्यातल्या एका नेत्यानं बसवून घेतलं होतं. लोकांनी डीजेचा नाद सोडून साहेबांच्या सामूहिक विवाहात लग्नं लावावीत, हा त्यामागचा उदात्त हेतू.

वडशाचे नाटक कंपनीवाले नाक मुरडायचे. "हे नाटक नाई, जाहिरात हाये," म्हणायचे. म्हणोत बापडे. पंगतीतल्या भाजीवरून सासरा रुसायचा तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. इतकं झकास प्रेमाचं नाटक झाडीपट्टीत क्वचितच झालं असेल. फक्त ऐन रंगात नवरदेवाला नवरीच्या डोळ्यांत बघून म्हणावं लागे, "तुह्या डोळ्यांत मले साहेबांची योजना दिसते." मग पडद्यावरच्या साहेबांच्या फोटोला नमस्कार. हे ऐकून कोणी मांडवात गेल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं. लोक पोटभर हसत आणि घरच्या लग्नाला डीजे सांगत.

नवरी व्हायची नीलाबाई. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला. ती भावाकडे परतली आणि लोकांच्या बोलण्याला भीक न घालता नाटकात शिरली. चाळिशीला टेकलेल्या, बिनलग्नाच्या मनसारामचा तिच्यावर जीव होता. गावोगावचे लोक त्यांना नवरा-बायकोच समजून शेजारी शेजारी जेवायला बसवत. "नाई जी, ह्या आमच्या कंपनीतल्या नीलाबाई," असं तो घाईघाईनं सांगे आणि मग ताटातली भाजी चिवडत बसे. भरबाजारात प्रेम करणारा हा गडी एसटीत तिच्या शेजारी बसला की एवढंच विचारी, "गाडी टायमावर हाये ना?"

"हाये," ती म्हणे. झालं बोलणं.

निवडणूक जवळ आली तसा साहेबांनी चामोर्शीला खराच मांडव घातला. एकावन्न जोडप्यांचे फलक चौकाचौकात लागले आणि जोडपी आली पन्नास. साहेबांचा कार्यकर्ता प्रणित घामाघूम होऊन आला.

"मनसारामभाऊ, तुमी दोघं बसून जा. तुमाले तर सवयच हाये. नाटकच समजा."

"नीलाबाईले विचारा," मनसाराम म्हणाला. ती नाही म्हणेल याची त्याला भीती होती, आणि नाटक समजून हो म्हणेल याची त्याहून जास्त.

"बसू," ती म्हणाली.

मुंडावळ्या बांधल्या. मंगलाष्टकं खरी होती, अक्षताही खऱ्या होत्या. अंतरपाट दूर झाला आणि मनसारामच्या तोंडून सवयीनं निघालं, "तुह्या डोळ्यांत मले..." पुढची योजना काही केल्या आठवेना.

"काय दिसते?" नीलाबाईनं हळूच विचारलं.

"मीच दिसून राह्यलो," तो म्हणाला.

तिनं मान खाली घातली. ती लाजली की लाजण्याचं काम केलं, हे त्याला कळेना. बाई कामात पक्की होती.

मनसारामनं मांडवातून मिळालेलं मंगळसूत्र तिच्या गळ्यात बांधलं, संसाराची भांडीही मिळाली. साहेबांचं भाषण सुरू झालं तसा प्रणित पिशवी घेऊन आला. "नीलाबाई, ते मंगळसूत्र अन् भांडे परत द्या. पुढच्या मांडवाले लागतीन."

मनसारामनं हंडा उचलून दिला. आता मंगळसूत्र गेलं की संपलं, उद्यापासून पुन्हा एसटीच्या टायमाची चौकशी.

नीलाबाईनं गळ्यावर पदर ओढून घेतला. "भांडे ने. मुंडावळ्या ने. नाटकाचं सामान आमी नेहमीच परत करतो."

"अन् मंगळसूत्र?"

"ते लग्नातलं हाये."

प्रणित मनसारामकडे बघत राहिला. मनसाराम जे नेहमी बोलायचा तेच बोलला. "नीलाबाई, गाडी टायमावर हाये ना?"

"गाडीचं राहू द्या. कोणाच्या गावाले जाचं ते सांगा."

"माह्या," मनसाराम म्हणाला.

तिकडे माईकवरून साहेब सांगत होते की आज या मांडवात एकावन्न संसार उभे राहिले. इतक्या वर्षांत साहेब पहिल्यांदाच खरं बोलत होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.