गच्चीचं कुलूप

धुळ्याला मित्राच्या मुलीच्या साखरपुड्यात होतो. शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला, अक्का गेली. चोपड्याला पोचलो तेव्हा ती तिच्या खाटेवरच होती. तेराव्याला जो तो म्हणत होता, "भाऊ असावा तर असा. बहिणीला खाटेखाली पाय ठेवू दिला नाही." मी हात जोडत राहिलो... ते खरं होतं, आणि तेच वाईट होतं.

अक्का माझी थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माझ्याकडे आलेली. उन्हाळा लागला की गच्ची तिची. ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालायला गल्लीतल्या बायका वर जमायच्या आणि अक्काचे हुकूम खाली ओट्यापर्यंत ऐकू यायचे. पुढे तिचे गुडघे धरले. तरी कठड्याला धरून, दम खात ती चढायचीच. एकदा समोरचे आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय रे, बहिणीला या वयात राबवतोस? भाकरी जड झाली का तिची?" लोक हसले. मला ते फार लागलं.

जळगावच्या डॉक्टरांनी तिला एक्स-रेला पाठवलं आणि मला समजावलं, "झीज भरून येणार नाही. पण मांड्यांत ताकद राहिली तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. रोज चालू द्या. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा धरून ठेवायचा. जिना सावकाश चढू द्या. दुखलं तर कमी करा, पण बसवून ठेवू नका."

घरी येऊन मी सांगितलं, डॉक्टरांनी जिना बंद केलाय, पूर्ण आराम. गच्चीच्या जिन्याला कुलूप घातलं. ताट खाटेवर, पाणी खाटेवर. आबांनी पाठ थोपटली. अक्कानं विश्वास ठेवला.

वर्षभरानं डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "रोज चालता ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं. घरात आल्यावर म्हणाली, "टीव्हीनी अँटेना फिरावाले कुलूप उघडस. माले नही?... पाय मन्हा, नि कुलूप तुन्हं?"

मी कुलूप काढलं. पण मांड्या वाळल्या होत्या, दुसऱ्याच पायरीवर ती बसली. मी हात दिला, तो घेतला नाही. त्यानंतर पाय सरळ करण्याचा व्यायाम ती रोज करायची, माझ्याकडे पाठ करून. गल्लीच्या टोकापर्यंत पुन्हा चालू लागली. जळगावला मात्र शेजारणीला घेऊन जायची. डॉक्टरांचा शब्द माझ्या तोंडून तिला परत कधी नको होता. गच्ची राहिलीच.

परवा कठड्याला धरून वर गेलो. माझेही गुडघे आता दुखतात. बिबड्यांचं कापड केव्हाच उडून गेलंय. ते उडू नये म्हणून तिनं चार कोपऱ्यांवर ठेवलेले दगड मात्र अजून तिथेच आहेत.