डाळिंबाची तेरा नावं

सारजा काटेवाडीची. इंदापूर रस्त्यावरच्या पॅकहाऊसमध्ये ती अकरा वर्षं डाळिंबाचे दाणे काढतेय. फळाच्या शिरा बघून सुरी अशी फिरवणार, की एक दाणा फुटेल तर शपथ! सालीच्या रसानं बोटं कायमची काळी पडलीत. लग्नकार्यात ती हात पदराखाली धरून बसते.

जुन्या मुकादम कुशाबाई थकून घरी बसल्या, तेव्हा जाताना म्हणाल्या, "सारजे, आता तूच गं." बाकीच्या बायकांनीही तसंच धरलं होतं. पण नवे मॅनेजर नागेश यांनी फतवा काढला : मुकादमाला फळाच्या भागांची इंग्रजी नावं आलीच पाहिजेत. म्हणजे इतकी वर्षं या बाया काय मुकी फळं सोलत होत्या?

चौथी शिकलेल्या सारजानं नावांचा कागद शेजारणीकडून वाचून घेतला. म्हशीची धार काढता काढता तेराच्या तेरा पाठ केली. देठाला स्टेम, सालीला राइंड, पापुद्र्याला मेम्ब्रेन, दाण्याला एरिल. परीक्षेच्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवली.

"छान," नागेश म्हणाले. "आता लिहा."

सारजाच्या अंगाची लाही झाली. लिहायचंय हे आधी सांगायला यांच्या तोंडाला काय झालं होतं? मुकादमकी प्रतिक्षाला मिळाली. त्या पोरीला चार महिन्यांपूर्वी सुरी धरायला सारजानंच शिकवलं होतं.

पुढच्याच आठवड्यात परदेशी खरेदीदार आले. नागेशनी हुकूम सोडला, "प्रतिक्षा नावं सांगेल. सारजाबाई, तुम्ही फक्त कापा."

फक्त! सारजाच्या मस्तकात तिडीक गेली. प्रतिक्षानं पास केलेल्या क्रेटमधलं एकेक डाळिंब तिनं हातात तोललं, टिचकी मारली, परत ठेवलं. चौथं वजनाला हलकं लागलं आणि आवाजही बद्द आला. तेच तिनं घेतलं. बाहेरून लालबुंद, देखणं फळ. प्रतिक्षा बोट दाखवून सांगू लागली, स्टेम, राइंड... सारजानं चिरा देऊन फळ उघडलं. आत नुसती काळी बुरशी आणि कुजलेल्या दाण्यांचा लगदा.

प्रतिक्षानं बोट मागं घेतलं. पाहुणे वाकून बघू लागले.

"हे काय काढलंत?" नागेश दातओठ खात म्हणाले.

"ह्येचं नाव तुमच्या कागदावर न्हाय, सायेब," सारजा म्हणाली. "तुमी लिवा, मी पाठ करती."