बसायच्या जागेची कातडी

आमचे काका बेकरीवाले. तोंडाचे फटकळ. एका सकाळी भट्टी पेटेना, म्हणून तिच्यासमोर उभं राहून त्यांनी तिचा यथेच्छ उद्धार केला. तेवढ्यात ती पेटली, आणि भडका अंगावर आला. छाती, पोट, दोन्ही हात भाजले. हात आडवे धरल्यामुळे तोंड वाचलं.

"जे बंद व्हायला हवं होतं तेच नेमकं राहिलं," काकू म्हणाली, आणि हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये जाऊन हमसून हमसून रडली.

जखमा झाकायला कातडी कमी पडत होती. काकांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे बाबा, शर्टाची बटणं काढत म्हणाले, "माझी घ्या."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमची टिकणार नाही. शरीर परकी म्हणून टाकून देईल. त्यांचीच हवी."

बाबांनी बटणं इतक्या झटकन लावली की एक खालीवर झालं.

"माझी आहेच कुठे शिल्लक?" काका कण्हले.

"बसायच्या जागेची शाबूत आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा पुरे. त्यातल्या पेशी आम्ही प्रयोगशाळेत वाढवू. एकीच्या दोन, दोनाच्या चार."

काकांतला बेकरीवाला जागा झाला. "बाई, मी गोळा तोडला की दोन अर्धे होतात. तुमचे दोन्ही पूर्ण कसे?"

"कारण पेशी तुटण्याआधी आतला ऐवज दुप्पट करते. आत धागे असतात. तुमचं शरीर कसं घडवायचं ते त्यांत लिहिलेलं. प्रत्येक धाग्याची हुबेहूब नक्कल निघते. मग त्या जोड्या मधोमध रांगेत येतात, जोडीतला एक इकडे ओढला जातो, एक तिकडे, आणि पेशी कमरेत आवळत जाऊन दोन होतात. दोघींकडे पुरा संच."

"आणि चुकलं तर?"

"क्वचित चुकतं. पण तपासणीही आतच होते."

"माझ्याकडे वीस वर्षांत दोन पाव सारखे निघाले नाहीत," काका म्हणाले.

काही दिवसांनी बाईंनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. सूक्ष्मदर्शकाखालची, नुकती दुभंगत असलेली पेशी.

"हा मी?"

"तुम्हीच."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

"अहो बाई, पुरे करा," काकू म्हणाली. "एक सांभाळतानाच माझा जीव मेटाकुटीला आलाय."

तीन आठवड्यांनी कातडी आली, ओल्या टिश्यू पेपरसारखी पातळ. छातीवरची धरली, उजव्या हातावरची आठवड्यात सुटून आली. ती निघाली त्या दिवशी काकांनी कुणालाच शिवी दिली नाही, त्यामुळे आम्ही सगळे घाबरलो. पुन्हा पेशी वाढवल्या, पुन्हा तीन आठवडे वाट पाहिली. यावेळी धरली.

पाच महिन्यांनी काका घरी आले. भट्टीजवळ जायला बंदी, म्हणून आता गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना पिडतात. कुणी चौकशी केली की शर्ट उघडून म्हणतात, "लावा हात, लाजू नका." समोरच्याने हळहळत, प्रेमाने हात फिरवला की मगच ती कातडी कुठली ते सांगतात.

नव्या कातडीवर केस नाहीत, घासली की सोलते, तिला घामही येत नाही. उकाडा वाढला की काकू त्यांच्या छातीवर ओला टॉवेल टाकते. तो फार गार आहे की पुरेसा गार नाही, यावर मग दोघांचं भांडण टॉवेल वाळेपर्यंत चालतं.