छातीभर पाणी

शाळेत एकोणतीस वर्षं खेळ शिकवलेल्या त्या माणसाला सगळे उडीमास्तर म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांचे दोन्ही गुडघे संपावर गेले. डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितले, तेव्हा मास्तर तोंड वाकडं करूनच पोहण्याच्या तलावावर गेले. महिनाभरात मात्र बाकीच्या म्हाताऱ्यांना दम भरत तेच व्यायाम घ्यायला लागले. हाडाचा मास्तर, गप्प किती बसणार!

पण छातीभर पाण्यात उडी मारून पाय तळाला टेकले की ते थबकायचे. पाण्यात आवाज होत नाही. तरी त्यांना तो यायचा. धप्, आणि त्या धप्पच्या पोटात एक बारीकसा कट्.

तो आवाज त्यांच्या पुतणीच्या पायाचा होता. थोरल्या भावाची ही मुलगी तेरा वर्षांची असताना उड्यांच्या स्पर्धांसाठी मास्तरांच्या हाताखाली तयार होत होती. व्यायामशाळेतली टणक फरशी, गुडघ्याएवढा बाक, बाकावरून खाली रोज साठ उड्या.

"काका, नडगी दुखतेय."

"नाटकं पुरेत. चल, वर."

दोन आठवडे तिनं सांगितलं, मग सांगायचं सोडलं. एका गुरुवारी सदतिसाव्या उडीला हाड मोडलं. आधीपासून चीर होती, असं डॉक्टर म्हणाले. हाड जुळलं, पण पाय किंचित फेंगडा राहिला. भाऊ भांडला नाही. त्यानं मास्तरांच्या घराची पायरी चढणं तेवढं सोडलं. बावीस वर्षं मास्तर मनाला समजावत आले की पोरीचं हाडच ठिसूळ असणार.

एका सकाळी तलावावर फिजिओबाई एक जाड चौकोनी पाटी घेऊन आल्या. तिच्यावर उडी मारली की शरीराला किती हादरा बसला, ते तिला जोडलेल्या पडद्यावर दिसायचं. बाई अंगानं किरकोळ होत्या. त्यांनी काठावर पाटी ठेवली, शेजारी पायरी मांडली आणि स्वतःच उडी मारून दाखवली.

धप्.

मास्तरांचं लक्ष पायरीकडे गेलं. पायरी गुडघ्याएवढीच होती.

"बघा, वजनाच्या चौपटीहून जास्त," बाई म्हणाल्या. मग पाटी तळाशी ठेवून त्यांनी तीच उडी छातीभर पाण्यात मारली. "आता दुप्पटसुद्धा नाही. पाणी आपल्याला उचलून धरतं आणि खाली येतानाही अडवतं."

"आणि दुखत असताना कुणी रोज साठ वेळा काठावरच मारली तर?"

बाई हसल्या. "दुखत असताना कोण मारू देईल, मास्तर?"

त्या दिवसापासून आवाज पाण्याबाहेरही यायला लागला. जेवताना, दाढी करताना, जिन्यात. बायको म्हणायची, "काय ऐकताय एवढं?" ते "काही नाही" म्हणायचे आणि मनात गुणाकार करायचे. तेरा वर्षांच्या पोरीचं वजन ते किती धरायचं?

शेवटी त्यांनी पुतणीला फोन लावला. ती आता एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती. मास्तरांनी पाटीचं, आकड्यांचं सगळं सांगितलं.

पलीकडे यंत्रांची घरघर चालू होती. मग ती म्हणाली, "काका, मला पाटी लागली नव्हती. दुखत होतं, मी सांगितलं होतं."

"हो. सांगितलं होतंस."

एवढं बोलायला त्यांना बावीस वर्षं लागली.

दोन रविवारांनंतर ती तलावावर आली. पाय सांभाळत शिडी उतरली आणि छातीपर्यंतच्या पाण्यात उभी राहिली. मास्तर चार हात लांबच थांबले. तिनं उडी मारली नाही, त्यांनीही मार म्हटलं नाही. ती नुसती चालली, या काठापासून त्या काठापर्यंत. पाण्यात तिचं लंगडणं जवळजवळ दिसत नव्हतं, आणि तेच मास्तरांना बघवेना.

निघताना ती म्हणाली, "बाबांना सांगू नका मी आले होते."

पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्या आली. मधल्या सगळ्या दिवसांत मास्तर वर्ग घेत राहिले. कुणी "जरा कळ येते" म्हटलं की लगेच त्याला काठावर बसवत, आणि त्याच्या पायाकडे इतका वेळ बघत राहत की तो बिचारा म्हातारा अवघडून पाय पाण्यात लपवायचा.