मागच्या दाराची घंटी
नव्या तारेच्या रबराचा वास आला की मला अमरावतीच्या सासरचं मागचं दार आठवतं. गल्लीत चोरी झाली तेव्हा नवऱ्यानं अकोल्याहून विजेची घंटी आणली. साधी घंटी तार कापली की गप्प बसते, ही वरच्या दर्जाची, तार कापली तरी बोंबलते, फक्त रात्री चालू ठेवायची, असं त्यानं मला समजावलं. तो मागच्या दाराला ती बसवत होता आणि मी स्टूल धरून उभी होते. याला आपली किती काळजी, असं वाटून मला भरून आलं. त्याच दारानं मी दुपारी, सासूबाई झोपल्या की, शेजारच्या मास्तरीणबाईंकडे मॅट्रिकचा अभ्यास करायला जायची. हे फक्त त्याला ठाऊक होतं. मीच विश्वासानं सांगितलं होतं. दुसऱ्या दुपारी पुस्तकं पदराखाली घेऊन मी कडी काढली आणि घंटी कर्कश वाजू लागली. सासूबाई दचकल्याही नाहीत. सावकाश येऊन म्हणाल्या, "सांगतलं होतं त्यानं मले, याच दारानं जाते म्हणे तू." संध्याकाळी तो जेवायला बसल्यावर मी विचारलं, "घंटी चोरासाठी आणली होती ना तुमी?" मान वर न करता तो म्हणाला, "आई म्हणत होती म्हून लावली. रातीले बंदच ठेवतो." दुसऱ्या दिवशी त्या दोघांच्या देखत, पुस्तकं न झाकता, मी पुढच्या दारानं गेले. कोणी अडवलं नाही. मॅट्रिकही झाले. पुढं संसार नीट झाला, आज तो नाही. पण तो होता तोवर मनातलं काही त्याला सांगावं म्हणून ओठांवर यायचं आणि मी दुसरंच काहीतरी बोलायची.