दादाची नाशिक-सहल

माझा थोरला भाऊ नाशकात जन्मला, इथेच वाढला, इथल्याच कॉलेजात एकदा नापासही झाला. आणि आता बडोद्याहून येऊन, पैसे भरून, गाइडकडून नाशिक बघतो. हे सांगितलं की लोक हसतात. मला हसू येत नाही.

आई गेल्यापासून हे खूळ सुरू झालंय. तो येतो, हॉटेलात उतरतो, आणि मी घरी ये म्हटलं की त्याची कुठलीतरी सहल ठरलेली असते. तीही देवळं, घाट अशी सरळ नाही. एकदा मिसळीच्या सहलीला गेला. ठिकठिकाणची तर्री ओरपून झाल्यावर मला फोन, 'पोट बिघडलंय, आज येत नाही.' एकदा द्राक्षांच्या मळ्यात गवती टोपी घालून फिरला. दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूस वाइनचा वास कसा घ्यायचा ते शिकून आला! इकडे माझी बायको ताटं वाढायला थांबलेली. शेवटी तीही वैतागली. 'भाऊजींना माझ्या हातचं आवडत नसेल तर तसं सांगा म्हणावं,' म्हणाली. कपाळ माझं!

या खेपेला फोनवर त्याने मलाच विचारलं, तांबट गल्लीतले हातोड्याचे ठोके ऐकायला जाऊ की जुन्या गावातल्या रहाडी बघायला?

'दादा, रहाडी रंगपंचमीला उघडतात,' मी म्हटलं. 'आत्ता थंडीत काय बघणार तू?'

'मग तेच बघू,' तो म्हणाला.

मी चडफडत त्याच्याबरोबर गेलो. आज त्याला धरून घरी न्यायचाच, असं ठरवूनच निघालो होतो.

तिवंधा चौकात गाइडने सगळ्यांना भर रस्त्यात उभं केलं. 'तुम्ही आत्ता रहाडीवर उभे आहात,' म्हणाला. खाली पेशव्यांच्या काळापासूनचा हौद आहे, रंगपंचमीला माती काढून फळ्या उचलतात, रंगाचं पाणी भरतात, लोक उड्या मारतात, मग पुन्हा बुजवून वरून रस्ता. पुण्याच्या एका बाईंनी डांबराचा फोटो काढला. मागून रिक्षावाला ओरडत होता, 'ओ काका, बाजूला व्हा ना!' तिथे माझं डोकं फिरलं.

'अरे, आपण दोघांनी याच रहाडीत उड्या मारल्यात,' मी सगळ्यांदेखत दादावर ओरडलो. 'घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. डांबर बघायला तुला वेळ आहे, घरी यायला नाही! माझं काय चुकलंय ते तरी सांग.'

दादा मला रस्त्याच्या कडेला घेऊन गेला.

'तुझं काही चुकलं नाही रे,' तो म्हणाला. 'तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, निभावलं. आता मी दार ढकलीन आणि आतून "आलास का" ऐकू येणार नाही. तू तिथेच राहतोस, तुझी आई हळूहळू गेली असेल. माझी त्या दिवशी जाईल.'

राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

गाइड दिल्ली दरवाज्याकडे निघाला होता. मी दादाचा दंड धरला आणि आम्ही त्या घोळक्यामागून चालू लागलो. आमची गल्ली डाव्या हाताला आली, तेव्हा आम्ही दोघंही उजवीकडे बघत होतो.